आई-बाबांना महासरोवरांची क्रूझ द्यायची आहे, कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा पुण्याहून उन्हाळ्यात तुमच्याकडे, डेट्रॉइटजवळ नोव्हायला येणार आहेत. बाबा ६८, आई ६४. बाबा चिंचवडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आईचे गुडघे दुखतात, दोघंही पूर्ण शाकाहारी. मागच्या खेपेला नायगारा आणि शिकागो बघून झालं. आता त्यांना अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या पाच महासरोवरांवरची (ग्रेट लेक्स) क्रूझ द्यायची आहे आणि टोरोंटो ते मिलवॉकी ही आठ दिवसांची फेरी तुम्ही जवळजवळ ठरवली आहे. ती घ्यावी का, कोणत्या महिन्यात, आणि व्हिसा, थंडी, जेवण यांचं काय?

टोरोंटोजवळच्या मिसिसागात राहून मी बरीच वर्षं आपल्या लोकांच्या सहली आखून देते, त्यामुळे स्पष्टच लिहिते. फेरी उत्तम आहे, पण तुमच्या आई-बाबांसाठी ती नको. त्यांच्यासाठी मिलवॉकी ते कॅनडातलं थंडर बे, सुपीरियर सरोवरातून डुलुथमार्गे जाणारी फेरी घ्या.

टोरोंटोहून निघणारं जहाज साधारण पोर्ट कोलबर्न, पॉइंट पीली, डेट्रॉइट, अल्पिना, मॅकिनॉ बेट आणि मग मिलवॉकी असं जातं. पोर्ट कोलबर्नला उतरवून बसने नेतात ते नायगाऱ्यालाच. डेट्रॉइट तर तुमच्या घरापासून पाऊण तासावर. तिथल्या कला संग्रहालयातली दिएगो रिव्हेराची १९३२-३३ सालची कारखान्याची भित्तिचित्रं बाबांना जरूर दाखवा. गाड्या बनवण्यात आयुष्य घातलेला माणूस त्या दालनातून लवकर बाहेर पडत नाही. पण ते कुठल्याही शनिवारी जमेल. अल्पिनाही गाडीने साडेतीन-चार तास. या क्रूझ स्वस्त नाहीत. आठवड्याच्या फेरीला माणशी सहा-सात हजार डॉलर हा ढोबळ आकडा धरा, म्हणजे विमान, टिप आणि विमा मिळून दोघांचे पंधरा हजारांच्या आसपास जातात. गाडीने जे बघता येतं त्यासाठी जहाजाचं भाडं भरू नये, हा माझा नियम आहे. ज्यांनी इथलं काहीच पाहिलेलं नाही त्यांना मात्र मी आजही आधी टोरोंटोचीच फेरी सुचवते.

ती सोडल्याने एक मोठी गोष्ट हुकते, ती म्हणजे वेलँड कालवा. ईरी सरोवर ओंटारिओ सरोवरापेक्षा जवळजवळ शंभर मीटर उंचावर आहे. नायगारा नदी हीच उंची उतरते, त्यातली सुमारे निम्मी धबधब्यात, आणि जहाजं तो धबधबा टाळून ४३ किलोमीटरच्या कालव्यातून आठ लॉकचा जिना चढतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली करतात. पहिला कालवा १८२९ चा, आजचा १९३२ चा. लॉकची रुंदी २४.४ मीटर, आणि या सरोवरांसाठी मापून बांधलेल्या मोठ्या क्रूझ जहाजांची साडेतेवीस, म्हणजे दोन्ही बाजूंना हातभरही फट उरत नाही. डेकवरून भिंतीचा ओला काँक्रीट हात लावण्याइतका जवळ दिसतो. आई-बाबांना हे जहाजातून नाही तरी काठावरून दाखवा. सेंट कॅथरिन्सला तिसऱ्या लॉकपाशी उंच सज्जा बांधलेला आहे, आणि थोरोल्डला चार, पाच, सहा ही लॉक एकाला एक लागून आहेत. पुढे कधी टोरोंटोला गाडीने आलात तर तीन तास तिथे काढा.

आता सुपीरियरकडे. हे सरोवर ८२,१०० चौरस किलोमीटरचं आहे. सगळा मराठवाडा त्यात मावून वर जागा उरते. सर्वांत खोल जागी ४०६ मीटर. कोयनेच्या शिवसागरची साठवण १०५ टीएमसी, तशी सुमारे चार हजार धरणं सुपीरियर एकट्याने भरेल. सरोवराची क्रूझ म्हटल्यावर पवना किंवा भंडारदरा डोळ्यांपुढे येतो आणि लोक विचारतात, ‘आठ दिवस तळ्यात काय करायचं?’ पहिल्या संध्याकाळी काठ दिसेनासा झाला की हा प्रश्न पुन्हा कोणी काढत नाही. क्षितिज समुद्राचं, वारा समुद्राचा, फक्त हवेला मीठ नाही.

मिलवॉकी ते थंडर बे या टप्प्यात दोन प्रकारच्या फेऱ्या असतात. एक ह्यूरॉन सरोवराच्या जॉर्जियन बे भागातून जाते. गुलाबी ग्रॅनाइटची बेटं, वाऱ्याने एका बाजूला वाकलेली पाइनची झाडं, तळ दिसेल असं पाणी. नजरेला ही फेरी जास्त सुंदर. पण तिथले बरेच फेरफटके रबरी होड्यांतून असतात. जहाजाच्या कडेच्या दारातून हलत्या होडीत पाऊल टाकायचं, पुन्हा वर चढायचं. तुमच्या आईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही आणि निम्मे दिवस त्या खोलीत बसतील. दुसरी फेरी सू सेंट मरीच्या लॉकमधून सुपीरियरमध्ये शिरते आणि हॉटन, अपॉसल बेटांजवळचं बेफिल्ड, डुलुथ अशी थंडर बेपर्यंत जाते. बंदरांची यादी दर हंगामात थोडी बदलते, तेव्हा त्या वर्षीची छापील यादी बघून ‘डुलुथ आहे ना’ याची खात्री करा. ही फेरी मी मुख्यतः बाबांसाठी सांगते आहे. कारण असं.

तुमच्या भागात गाड्यांचे कारखाने का उभे राहिले याचं अर्धं उत्तर या पाण्यात आहे. डुलुथच्या उत्तरेला मेसाबी नावाची लोहखनिजाची पट्टी आहे. तिथलं खनिज दळून, भाजून, गोट्यांएवढ्या गोळ्या करतात, त्याला टॅकोनाइट म्हणतात. रेल्वेच्या वाघिणी त्या गोळ्या बंदरावर आणतात, तिथल्या उंच धक्क्यांवरून त्या घसरत जहाजाच्या पोटात पडतात, आणि जहाजं सुपीरियर पार करून, सू लॉक उतरून, खालच्या सरोवरांकाठच्या पोलाद कारखान्यांकडे जातात. सर्वांत मोठी मालवाहू जहाजं ३०५ मीटरच्या आसपास लांब आहेत आणि एका खेपेत साठ हजार टनांहून जास्त माल नेतात. ती वेलँड कालव्यात मावत नाहीत, म्हणून त्यांचं सगळं आयुष्य वरच्या चार सरोवरांतच जातं. मिलवॉकीहून निघून डुलुथला जाताना बाबा पोलादाच्या याच वाटेने उलट, उगमाकडे जातील. चिंचवडला त्यांनी पत्र्याच्या गुंडाळ्या आलेल्या पाहिल्या असतील; इथे त्याच्या आधीचं सगळं एका आठवड्यात समोर येतं.

सू लॉकचा दिवस त्यांनी डेकवरच काढावा. सुपीरियर ह्यूरॉनपेक्षा सुमारे ६.४ मीटर उंच आहे. जहाज आत आलं की मागचं दार मिटतं, वरच्या सरोवराचं पाणी आपल्या वजनानेच आत येतं, पंप कुठेही नाही, आणि थोड्याच वेळात अख्खं जहाज वर. १८५५ साली इथे पहिलं लॉक सुरू झालं. आज त्या सर्वांत मोठ्या जहाजांना एकच पो लॉक पुरतं, १९६८ सालचं, आणि त्याच्या जोडीचं नवीन लॉक बांधण्याचं काम चालू आहे. काठावर बघ्यांची गर्दी असते, लहान मुलं हात हलवतात. लॉकमध्ये शिरायची वेळ मालवाहू जहाजांच्या रांगेवर ठरते, त्यामुळे कधीकधी ती रात्री दोनलाही येते. त्या दिवशी फलकावर नेमकी वेळ बघा आणि रात्रीची असली तरी उठा. झोप दुसऱ्या दिवशी काढता येईल.

लॉक मागे टाकलं की थोड्या वेळाने व्हाइटफिश उपसागर लागतो. १० नोव्हेंबर १९७५ च्या वादळात एडमंड फिट्झगेराल्ड हे मालवाहू जहाज या उपसागराच्या तोंडाशी, आसऱ्यापासून काही तासही दूर नसताना, २९ माणसांसह बुडालं. त्यात टॅकोनाइट होतं आणि ते निघालं होतं डेट्रॉइटला. डेट्रॉइटच्या नदीकाठी खलाशांचं जुनं चर्च आहे, तिथे त्या माणसांसाठी घंटेचे २९ टोल देण्यात आले. क्रूझला निघण्याआधी आई-बाबांना ते चर्च दाखवा. मग जहाजावरचा माणूस ती जागा बोटाने दाखवेल तेव्हा ती नुसती गोष्ट राहणार नाही.

डुलुथ मला या सगळ्या काठावरचं सर्वांत आवडतं बंदर आहे. डोंगराच्या उतारावर गाव, खाली बंदर, आणि बंदराच्या तोंडावर लोखंडी उचलपूल. पूल १९०५ चा, आणि आजच्यासारखा सरळ वर उचलला जाणारा १९३० पासून. जहाज जवळ आलं की भोंग्याने सलामी देतं, तीन लांब आणि दोन आखूड, आणि पूल आपल्या भोंग्याने तीच परत देतो. अटलांटिकपासून जलमार्गाने हे गाव ३,७०० किलोमीटरहून आत आहे, आणि तरीही परदेशी ध्वजाची जहाजं इथे धान्य भरायला येतात. सेंट लॉरेन्स जलमार्ग १९५९ साली खुला झाला तेव्हापासून. गावात फिरायला पायऱ्या फार नाहीत. काठालगतचा रस्ता सपाट आहे आणि बसायला बाकं आहेत. आईंना तिथे दोन तास निवांत बसू द्या.

बाकीच्या थांब्यांबद्दल थोडक्यात. मॅकिनॉ बेटावर १८९८ पासून मोटारगाड्यांना बंदी आहे. घोडागाडी किंवा सायकल. घोडागाडीचा फेरफटका आधीच नोंदवा म्हणजे गुडघ्यांचा प्रश्न मिटतो. मोठं जहाज सहसा बाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटीने काठावर नेतात, त्यामुळे वारा जास्त असला तर हा थांबा रद्दही होतो. तसं झालं तर हळहळू नका, मॅकिनॉ तुम्हाला घरून साडेचार तासांवर आहे. मिलवॉकीला एक दिवस आधी पोचा आणि सरोवरकाठचं कला संग्रहालय बघा. त्याचे पांढरे पंख उघडताना-मिटताना बघायला लोक वेळ साधून येतात. हॉटनला तांब्याच्या खाणी होत्या. थंडर बेला फारसं काही नाही, पण समोरच्या पाण्यात निजलेल्या माणसासारखा दिसणारा डोंगर आहे.

दिशा मिलवॉकीहून थंडर बेकडे अशीच घ्या, उलटी नको. थंडर बेला विमानं मोजकी, बहुतेक टोरोंटोमार्गे. जाताना विमान चुकलं तर जहाज निघून जाईल. येताना चुकलं तर हॉटेलात एक रात्र, एवढंच. मिलवॉकीला तुम्ही स्वतः गाडीने सोडू शकता, किंवा अ‍ॅन आर्बरहून रेल्वेने शिकागो आणि तिथून दीड तासाच्या गाडीने मिलवॉकी.

व्हिसा हा सर्वांत मोठा खोळंबा असतो आणि लोक तो सर्वांत शेवटी विचारतात. यातली जवळजवळ सगळी जहाजं परदेशी ध्वजाची आहेत, आणि १८८६ च्या अमेरिकी कायद्यानुसार अशा जहाजाला एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्यात प्रवासी नेऊन सोडता येत नाहीत. त्यामुळे कॅनडा वाटेत असतोच. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतोच. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे म्हणून तो माफ होत नाही. आई-बाबांचा अर्ज ते पुण्यात असतानाच भरा, बोटांचे ठसे तिथेच द्यायला लावा. इथे आल्यावर पासपोर्ट पाठवण्यात आणि वाट बघण्यात हंगाम निघून जातो. अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा हवा, कारण थंडर बेहून ते पुन्हा अमेरिकेत येणार.

तुम्ही बरोबर जाणार असाल आणि एच-वनबीवर असाल, तर तुम्हालाही कॅनडाचा व्हिसा हवा. पासपोर्टवरचा अमेरिकी शिक्का संपलेला असला तरी आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) चालू असेल तर कॅनडात तीस दिवसांच्या आत जाऊन परत येण्याची सोय आहे, पण त्याला अटी आहेत, आणि काउंटरवरच्या प्रत्येकाला ती माहीत असतेच असं नाही. वकिलाला विचारून, कागद हातात ठेवूनच निघा. ग्रीन कार्ड असेल तर कॅनडाचा व्हिसा लागत नाही. कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही लागतात. नियम बदलत राहतात, म्हणून तिकिटाआधी दोन्ही देशांची सरकारी पानं त्याच आठवड्यात वाचा.

महिना ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य. मे-जूनमध्ये सुपीरियरचं पाणी बर्फाळ असतं, त्यावर गरम हवा आली की धुकं, आणि धुक्यात दोन दिवस फक्त भोंगा ऐकत बसावं लागतं. जुलै बरा, पण गर्दी आणि भाव दोन्ही वर. सप्टेंबरात पाणी त्यातल्या त्यात ऊबदार, आणि उत्तरेकडच्या झाडांची पानं रंगायला लागलेली असतात. अडचण एकच: गणपती. पंचांग बघून तारीख घ्या. मूर्ती घरी बसलेली असताना आईंचं मन जहाजावर लागणार नाही. ऑक्टोबरला लांबवू नका. शरदातले वारे इथे वाईट असतात आणि सरोवराची लाट समुद्राच्या लाटेसारखी लांब, झुलवणारी नसते. ती आखूड आणि उभी, जहाजाला धक्के देणारी असते. खोली जहाजाच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर घ्या. बाल्कनीचे जादा पैसे मी या फेरीत सुचवत नाही, कारण बघण्यासारखं सगळं वरच्या डेकवरून दोन्ही बाजूंना दिसतं. भर ऑगस्टातही डेकवर स्वेटर, कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट लागतं. पुण्याची शाल पुरत नाही.

जेवणाबाबत नुसतं ‘शाकाहारी’ लिहून थांबू नका. मांस, मासे, अंडी नको; दूध, दही, चीज चालतं; सूपसाठी मांसाचं पाणी नको; असं चार ओळींत आरक्षणाच्या वेळीच कळवा, आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य आचाऱ्याला भेटून पुन्हा सांगा. ही जहाजं दोनशे-चारशे प्रवाशांची, म्हणजे लहान असतात. आचारी खरोखर लक्ष घालतात आणि डाळ-भात मागितला तर बऱ्याचदा करूनही देतात. किनाऱ्यावरच्या फेरफटक्यातलं जेवण मात्र मासेच मासे असतं. बरोबर लाडू, चकली, मेतकूट, लिंबाचं लोणचं असे बंद डबे द्या. फळं, बियाणं, ओलं काही नको. सीमा दोनदा ओलांडायची आहे आणि दोन्हीकडे विचारतात.

विमा नीट वाचा. पालकांसाठी इथे घेतलेल्या बऱ्याच पॉलिसी अमेरिकेपुरत्याच असतात. कॅनडातले दिवस, जुनी दुखणी आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च, या तीन गोष्टी लेखी हव्यात. सुपीरियरच्या मध्यावर मोठं इस्पितळ जवळ नसतं. पैसे क्रेडिट कार्डाने भरा. २०२४ च्या फेब्रुवारीत या सरोवरांवरची एक कंपनी हंगामाच्या तोंडावर बंद पडली होती. तिची दोन जहाजं पुढच्या वर्षी दुसऱ्या नावाने पुन्हा धावू लागली. लहान मुलांना न्यायचा विचार असेल तर वयाची अट आधी विचारा, इथल्या सर्वांत मोठ्या कंपनीच्या जहाजांवर अठराखालचं कुणी चालत नाही.

आणि पंधरा हजार डॉलर जड वाटत असतील तर, तुमचं घर मिशिगनमध्ये आहे म्हणून सांगते, ह्यूरॉन सरोवराची प्रदक्षिणा गाडीनेच करा. सार्नियाकडून कॅनडात जाऊन टोबरमोरीला पोचा. तिथून चीचीमॉन नावाची मोठी फेरीबोट गाडीसकट दोन तासांत मॅनिटुलिन बेटावर सोडते. गोड्या पाण्याच्या सरोवरातलं हे जगातलं सर्वांत मोठं बेट. तिथे एक मुक्काम, मग लिटल करंटचा जुना फिरता पूल ओलांडून सू सेंट मरी, लॉकवरच्या सज्जातून जहाजं चढताना बघायची, पुढे मॅकिनॉचा आठ किलोमीटरचा पूल आणि घर. पाच-सहा दिवस, तुमच्या गतीने, आईंना हवं तिथे थांबत. कॅनडाचा व्हिसाच मिळाला नाही तर लडिंग्टनहून बॅजर ही १९५० च्या दशकातली, कोळशावर चालणारी बोट मिशिगन सरोवर आडवं कापून चार तासांत विस्कॉन्सिनला मॅनिटोवॉकला नेते, तीही गाडीसकट. बाबांना वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या बोटीचा प्रवास घडेल. दोन्ही बोटींवर माणसांना सहसा जागा मिळते, गाडीला मिळत नाही. ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारची गाडीची जागा जूनमध्येच घेऊन ठेवा.